अडतीसांतला एक

दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ भारतीयांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक सापडतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या पाहणीतले हे आकडे आहेत. डिसेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात दोन लाखांवर घरांत जाऊन, ४ लाख ७३ हजार ५६९ माणसांशी बोलून ही पाहणी झाली. अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात पिणाऱ्यांचा आकडा १६ कोटींचा आहे, गांजा-भांगेचा ३ कोटी १० लाखांचा आहे, अफूजन्य पदार्थांचा सव्वादोन कोटींचा आहे. तरी मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो ३८ हाच आकडा. उरलेले सदतीस जण कुठे असतात, याचं उत्तर त्यात दडलेलं आहे. ते घरीच असतात.

हा आकडा आपल्या भागात आणून पाहू. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे १२ लाख ४७ हजार माणसं होती. दोन्ही मिळून ३१ लाखांच्या आसपास. त्यातले पंधरा वर्षांवरचे पुरुष ढोबळमानाने १२ लाख धरू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या १३.९ टक्के पुरुषांनी आपण दारू पितो असं सांगितलं. राज्याचं हे प्रमाण या दोन शहरांना लावलं तर पिणारे पुरुष होतात सुमारे १ लाख ७० हजार. एम्सच्या पाहणीत देशातल्या १६ कोटी पिणाऱ्यांपैकी २ कोटी ९० लाख, म्हणजे शंभरातले अठरा, दारूवर अवलंबून होते. त्या हिशेबाने ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत अशी माणसं झाली ३० हजारांच्या घरात. ३८ ने भागलं की उपचारापर्यंत पोचलेले उरतात आठशे. १८० ने भागलं की दाखल झालेले उरतात १७०.

हा हिशेब दोन वेगवेगळ्या पाहण्या जोडून मी केलेला आहे, त्यामुळे तो अंदाज म्हणूनच वाचावा. लोकसंख्या जुनी आहे; त्यानंतर घोडबंदर रोडला आणि कल्याण-शीळ रस्त्याला किती टॉवर उभे राहिले ते आपण पाहतोच. उलट शहरात डॉक्टर जवळ असतात, म्हणून उपचाराचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा चांगलं असेल असं समजू. आठशेचे दोन हजार धरू. तरीही अठ्ठावीस हजार माणसं बाहेर राहतात. आणि प्रत्येकाच्या मागे एक घर आहे.

याच आकड्यांत दिलासा देणारी एक गोष्टही आहे, ती आधी सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातले शंभरातले शहाऐंशी पुरुष आपण पीत नाही असं सांगतात. पिणाऱ्या पुरुषांची देशाची सरासरी १८.८ टक्के, आपली त्याहून कमी. ‘आजकाल सगळेच घेतात’ हे वाक्य सोसायटीच्या गच्चीवर कितीही वेळा ऐकू आलं तरी ते खरं नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे नुसतं कळलं तरी नाही म्हणायला बळ येतं. बायकांचं दारूचं प्रमाण कुटुंब आरोग्य पाहणीत ०.४ टक्के आहे; विचारलं की लपवलं जाणार हे धरलं तरी ते फार नाही. तंबाखूचं चित्र मात्र वेगळं आहे. राज्यातले ३३.८ टक्के पुरुष आणि १०.९ टक्के बायका तंबाखू घेतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते, आणि चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. आपला तंबाखू मुख्यतः धुराविना आहे. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण मळलेली चिमूट आणि मशेरी यांना घरात व्यसन म्हणतच नाहीत. आजी सकाळी मशेरी लावते, त्याला दात घासणं म्हणतात.

मग व्यसन म्हणायचं कशाला? डॉक्टर त्यासाठी सहा खुणा तपासतात: अनावर ओढ, किती आणि केव्हा घ्यायची यावरचा ताबा सुटणं, बंद केली की हात कापणं, घाम, झोप उडणं, पूर्वी नाइंटीवर भागायचं तिथे आता क्वार्टर लागणं, बाकीचे छंद, माणसं, कामं मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही घेत राहणं. वर्षभराच्या काळात यातल्या तीन एकत्र दिसल्या की त्याला अवलंबित्व म्हणतात. या सहांत ‘रोज पितो का’ हा प्रश्न नाही, ‘रस्त्यात पडतो का’ हाही नाही. नोकरी टिकवून असलेला, ८.१२ ची गाडी न चुकवणारा माणूसही सहापैकी चार खुणा घेऊन फिरत असू शकतो. घरच्यांना हेच मान्य करायला फार वर्षं लागतात.

एकदा चव घेतलेला प्रत्येक जण अडकत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आयुष्यात कधी तरी तंबाखू वापरलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांना त्याचं व्यसन जडलेलं आढळलं. हेरॉइनचं प्रमाण २३ टक्के, दारूचं १५, गांजाचं ९. म्हणजे तंबाखू हेरॉइनच्याही पुढे. कोण अडकतो यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. उरलेला निम्मा वय, ताण, संगत, उपलब्धता यांचा. त्यातही वय फार महत्त्वाचं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या २७ हजारांहून अधिक पिणाऱ्यांची माहिती तपासली गेली. पंधरा वर्षांच्या आत पहिला घोट घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे आयुष्यात केव्हा तरी अवलंबित्वापर्यंत गेले होते. विशी उलटून सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी किमान वय २५ आहे, बिअर-वाइनसाठी २१. मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. कायदा करताना हे कुणाच्या मनात असेल असं नाही, पण आकडा नेमका बसतो. हळदीच्या मांडवात सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात ‘आज चालतं’ म्हणून ग्लास दिला जातो, तेव्हा त्याच्या पुढच्या तीस वर्षांवर आपण काय लादतो आहोत याचा विचार मामा-काकांनी करायला हवा.

मेंदूत होतं काय, ते थोडं समजून घेऊ. १९५४ मध्ये कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत एक बारीक तार बसवली आणि तरफ दाबली की तिथे सौम्य वीज जाईल अशी सोय केली. उंदीर तरफ दाबतच राहिले. मेंदूचं ‘पुन्हा कर’ सांगणारं वर्तुळ असं हाती लागलं. त्याचं मुख्य रसायन डोपामिन. पुष्कळ दिवस त्याला सुखाचं रसायन समजलं गेलं. १९९० च्या दशकात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी दाखवलं की आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः दुसऱ्या गोष्टीशी आहे. व्यसन मुरत जातं तसं आवडणं ओसरतं आणि हवंसं वाटणं वाढत जातं. ‘मजा येत नाही, तर पितोस कशाला?’ या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याला देता येत नाही, त्याचं कारण हे. मजा केव्हाच गेलेली असते आणि ओढ उरलेली असते.

ही ओढ नुसत्या बाटलीला बांधलेली नसते. जागा, वेळ, माणसं, वास, पगाराचा एसएमएस, सगळं तिला जोडलं जातं. मेंदूला बाटली दिसावी लागत नाही, खूण पुरते. कल्याण सीएसएमटीपासून पन्नास किलोमीटरहून जास्त लांब. रोज जाऊन-येऊन तीन तास गर्दीत उभं राहिलेला माणूस संध्याकाळी साडेसातला स्टेशनच्या पुलावरून उतरतो तेव्हा त्याच्या वाटेत एक टपरी, एक वाइन शॉप आणि एक ‘कंट्री’ हमखास येते. पस्तीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून, वजन चार किलो वाढवून, चेहरा उजळून परतलेला माणूसही त्याच पुलावरून उतरतो. त्याचं शरीर स्वच्छ झालेलं असतं. पुलाच्या तोंडाशी असलेली खूण मात्र जशीच्या तशी असते.

या बाबतीत व्हिएतनामचं उदाहरण विचार करण्यासारखं आहे. १९७१ मध्ये तिथून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे ९०० जणांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला. तिथे असताना पाचातल्या एकाला अफू-हेरॉइनचं व्यसन लागलेलं होतं. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या फक्त ५ टक्के जणांना पुन्हा व्यसन लागलं. तीन वर्षांत, थोड्या काळासाठी का होईना, परत अडकलेले १२ टक्के. हेरॉइनचा विळखा आयुष्यभर सुटत नाही असं मानणाऱ्यांना हे आकडे पचले नाहीत. काहींनी उलट टोक गाठून ‘म्हणजे हा रोगच नाही’ असं म्हटलं. दोन्ही चूक. सैनिकांचा देश बदलला, संगत बदलली, युद्धाची भीती गेली, स्वस्त माल गेला. आपल्या माणसाचं यातलं काहीच बदलत नाही. विज्ञान इथे आपल्याला संस्कृतीच्या दाराशी आणून सोडतं.

आपल्या संस्कृतीची दारूबद्दलची वृत्ती दुटप्पी आहे, आणि सरकारचीही. मुंबई शहरात खेर मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये दारूबंदी आणली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून, नावात महाराष्ट्र घेऊन, लागू आहे. कागदावर पिणाऱ्याला आजही परवाना लागतो आणि बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. त्याच राज्याला २०२२-२३ मध्ये उत्पादन शुल्कातून २१ हजार कोटींहून अधिक महसूल मिळाला. जून २०२५ मध्ये मद्यावरचा कर वाढवताना सरकारने वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळण्याची अपेक्षा धरली. दारू महाग झाली की तरुणांचं आणि गरिबांचं पिणं काही अंशी घटतं, हे जगभर दिसलेलं आहे, तेव्हा करवाढीला माझा विरोध नाही. पण या पैशातला किती भाग व्यसनोपचारावर जातो हा प्रश्न विधिमंडळात दर अधिवेशनात विचारला गेला पाहिजे.

समाजाचं वागणंही तसंच. आषाढी एकादशीला ड्राय डे असतो आणि त्याच महिन्याच्या अमावस्येला ‘गटारी’ म्हणून रस्त्यावर मटणाच्या आणि वाइन शॉपच्या रांगा लागतात. दिव्यांची अवस पार मागे पडली आहे. ठाणे-कल्याणच्या आगरी-कोळी गावांत हळद म्हणजे मोठा खर्च. त्यात दारूचं बिल किती हे त्या घरच्या आईला विचारावं. पिणाऱ्याचं कौतुक तोवर होतं जोवर तो सगळ्यांबरोबर पितो. तो एकटा प्यायला लागला, पगार कमी पडू लागला, की त्याच तोंडांतून ‘बेवडा’ शब्द येतो. एका टोकाला आग्रह आणि दुसऱ्या टोकाला बहिष्कार, मध्ये उपचाराला जागाच नाही. ३८ पैकी ३७ घरी बसतात ते याच भीतीने. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे, म्हणजे सव्वाशे वर्षं. पण त्या फाटकातून आत जाताना ओळखीचं कुणी दिसलं तर, हा विचार अजूनही पावलं मागे खेचतो. कायद्याने हा प्रश्न सोडवलेला आहे. मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे येणारी मनोवस्था आजारातच मोजली जाते. शेजाऱ्यांपर्यंत तो कायदा अजून पोचलेला नाही.

लाज काय करते ते आणखी एका आकड्यात दिसतं. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या ६.८ टक्क्यांचं कारण पोलिसांच्या नोंदीत अमली पदार्थ किंवा दारूचं व्यसन असं आहे. म्हणजे एका वर्षात साडेअकरा हजारांच्या आसपास जीव.

लाजेतूनच एक धंदा उभा राहिला आहे. लोकलच्या डब्यात ‘रोग्याला न सांगता दारू सोडवा’ अशी चिकटवलेली पत्रकं कुणी पाहिली नाहीत? घरातली बाई नाइलाजाने तिथे फोन करते. तिला दोन गोष्टी कुणीतरी ठामपणे सांगायला हव्यात. डायसल्फिरामसारखी गोळी डॉक्टरच्या देखरेखीत, रुग्णाला सांगून द्यायची असते. न सांगता जेवणात मिसळली आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आणि वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने ‘मनावर घेऊन’ एका दिवसात दारू तोडणंही धोक्याचं असतं. पहिल्या दोन-चार दिवसांत भ्रम, थरथर, फेफरं येऊ शकतं. यातून माणसं दगावतात. पहिला आठवडा डॉक्टरच्या हाताखालीच काढायला हवा.

अध्यात्माकडे मी श्रद्धाळू म्हणून नाही, ते या भागात प्रत्यक्ष काय करतं हे पाहणारा म्हणून वळतो. कल्याण-डोंबिवलीच्या गावागावांत व्यसन सुटलेल्या माणसाबद्दल ‘त्याने उपचार घेतले’ असं कुणी म्हणत नाही. ‘त्याने माळ घातली’ किंवा ‘तो बैठकीला जायला लागला’ असं म्हणतात. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ज्यांचं नाव आहे, ते ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे याच मातीतले कीर्तनकार. आगरी गावांत वारकरी परंपरा रुजवण्याचं श्रेय लोक त्यांना देतात. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी सुरू केलेली, दासबोधाच्या निरूपणाची श्रीबैठक ठाणे-रायगडात घरोघरी पोचली, आणि व्यसनमुक्ती हा तिच्या कामाचा ठळक भाग राहिला.

तुळशीची माळ काम करते ती कशी? ती गळ्यात दिसते, त्यामुळे आग्रह करणारा आपसूक थांबतो. रोज नव्याने नाही म्हणावं लागत नाही. ती एकट्याने घालता येत नाही, चार माळकरी सोबत येतात, म्हणजे संगत बदलते. आणि हरिपाठ संध्याकाळी असतो, नेमका त्याच वेळी जेव्हा एरवी पाय ‘कंट्री’कडे वळतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना देश बदलून जे मिळालं, ते या माणसाला गाव न सोडता मिळतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयाच्या चिंतनापासून बुद्धीच्या नाशापर्यंतची पायऱ्यांची मांडणी आहे, आणि व्यसनी माणसाला ती चटकन पटते. तिच्यात डोपामिन शोधायची गरज नाही. मन पायरीपायरीने कसं घसरतं याचं ते बारकाईचं निरीक्षण आहे.

पण माळेत एक उणीव आहे, आणि ती आदर ठेवून सांगितली पाहिजे. माळेला ‘स्लिप’ माहीत नाही. एखाद्या लग्नात पाय घसरला की माणूस माळ काढून खुंटीला टांगतो आणि मग सगळंच गेलं म्हणून महिनाभर पीत राहतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८० च्या दशकात हेच दाखवलं: संयम मोडल्यावरचा अपराधभाव हा पहिल्या घोटापेक्षा जास्त घातक ठरतो. एक पेग चूक असते, त्यावरची लाज त्याचा खंबा करते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने ही उणीव ओळखली. जून १९३५ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावात शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यविशारद बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी सुरू केलेली ही चळवळ आहे. तिची बारा पावलं उघड आध्यात्मिक आहेत. आपल्याहून मोठ्या शक्तीला शरण जाणं हा तिचा पाया, ती शक्ती कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं. मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत शाळेच्या रिकाम्या वर्गात, चर्चच्या खोलीत तिच्या मीटिंगा भरतात. ‘मी मद्यपी आहे’ असं उभं राहून सांगायचं, शेअरिंग करायचं, फी नाही. स्लिप झाली तर दुसऱ्या दिवशी परत यायचं आणि दिवस पहिल्यापासून मोजायचे, कुणी हाकलत नाही. डॉक्टर मंडळी अनेक वर्षं याकडे भाबडेपणा म्हणून पाहत होती. २०२० मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजार ५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. पद्धतशीरपणे या गटांकडे वळवलेल्यांपैकी वर्षअखेर पूर्ण संयमात असलेले ४२ टक्के निघाले. वर्तनोपचारासारखे इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. शरणागती आणि संगत यांची बाजू या आकड्यांवर ठामपणे मांडता येते.

आपल्याकडे औषध, शरणागती आणि संगत या तिन्ही गोष्टी एका छपराखाली आणण्याचा प्रयत्न झालेला आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं. योगगुरू अय्यंगारांच्या या शिष्याने बारा पावलांना योगासनांची जोड दिली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभं केलं. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावर लिहिलं होतं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी पहिल्यापासून त्या उभारणीत होते, आणि त्यांनीच १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मुक्तांगणात औषधं आहेत, गटोपचार आहे, प्रार्थना आहे, योग आहे, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. सहचरीचं महत्त्व फार मोठं. वीस वर्षं रात्री दार उघडत राहिलेल्या बाईलाही बरं व्हायचं असतं, ही गोष्ट आधी कुणी विचारातच घेतली नव्हती.

आता ज्या आकड्यांवर माझा भर आहे, तिथे येतो. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं. हे ऐकून घरचे म्हणतात, मग पैसे कशाला घालवायचे? पण २००० साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या तुलनेत रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत लक्षणं उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के होतं. रक्तदाब पुन्हा चढला म्हणून कुणी वडिलांना घराबाहेर काढत नाही. गोळी बदलून घेतो, मीठ कमी करतो. शिकागोत सुमारे १२०० व्यसनी माणसांचा आठ वर्षं माग ठेवला गेला. संयमाला एक वर्षही झालेलं नव्हतं अशांपैकी पुढचं वर्ष टिकलेले साधारण एक-तृतीयांश. एक ते तीन वर्षं झालेल्यांत हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास गेलं. पाच वर्षं पार केलेल्यांत घसरणारे १५ टक्क्यांहून कमी उरले. म्हणजे सगळी लढाई पहिल्या वर्षाची आहे, आणि पहिल्याच वर्षात आपण त्या माणसाला केंद्राच्या दारातून टॅक्सीत बसवून, ‘आता जबाबदारी तुझी’ म्हणून मोकळे होतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत मला कमतरता दिसते ती इथे. खाटा वाढवा ही मागणी सोपी आहे आणि गरजेचीही आहे, पण पस्तीस दिवसांनंतरच्या तीनशे तीस संध्याकाळी कुठे घालवायच्या याची सोय त्याहून निकडीची आहे. त्याला इमारत लागत नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालयं रेल्वेमार्गाला धरून आहेत. प्रत्येकात संध्याकाळी सात ते नऊ एक खोली उघडी ठेवावी. एक समुपदेशक, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, एखादा बरा झालेला कार्यकर्ता मानधनावर, आणि बायकांचा स्वतंत्र गट. दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकात हा खर्च दिसणारही नाही इतका लहान आहे. कीर्तनकारांनी आणि बैठकीच्या सदस्यांनी माळ घालणाऱ्याला या खोलीचा पत्ताही द्यावा, आणि डॉक्टरांनी हरिपाठाला जाणाऱ्या रुग्णाला हसू नये. हळदीतली दारू बंद करायची की नाही हे गावकीने ठरवावं. निदान अठराच्या आतल्या मुलाला पाजणाऱ्याला दंड एवढा ठराव या लग्नसराईच्या आधी व्हावा.

हे होईल तेव्हा होईल. तुमच्या घरात तो माणूस आज असेल, तर योग्य वेळ, योग्य मूड यांची वाट पाहू नका. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. तो तयार नसेल तर तुम्ही फोन करा. पत्नीने, आईने, भावाने केलेला फोनही तिथे घेतला जातो.